दिवा लागला तेव्हा साडेतीन हजारांचं काम होतं

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी, सिवनी जिल्ह्यात मोहगाव सोडून कुरईच्या अलीकडे, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर एक पेट्रोल गाडी बंद पडली. गाडी जबलपूरहून नागपूरला निघाली होती. आत माझा मामेभाऊ (याला मी दादा म्हणतो), वहिनी, मामा आणि शाळेत जाणारी पुतणी असे चौघे होते. संध्याकाळी नागपुरात गोरज मुहूर्तावर लग्न होतं. चौघेही सुखरूप आहेत, हे आधीच सांगतो. गाडी मात्र तिथून स्वतःच्या चाकांवर हलली नाही. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या गॅरेजने दिलेला हिशेब क्रेनच्या भाड्यासकट १,१७,२०० रुपयांचा होता.

हेच काम आदल्या दिवशी ३,४०० रुपयांत होत होतं. मधल्या वेळात काय घडलं, ते दादाच्या संमतीने मी तासातासाने जुळवलं. आठवणींवर फारसं विसंबलो नाही. फास्टॅगचे मेसेज होते, पंपाची पावती होती, वहिनींनी घरच्या ग्रुपवर टाकलेले निरोप होते. आणि गाडीच्या संगणकात दोन आकडे होते, जे स्कॅनर लावला की कुणालाही वाचता येतात : कोड पुसल्यापासून धावलेलं अंतर १८६ किलोमीटर, दिवा लागलेला असताना धावलेलं अंतर १४० किलोमीटर. घड्याळ जिथे गप्प होतं तिथे हे दोन आकडे बोलले.

४२ तास आधी : गुरुवार, संध्याकाळी पावणेसात

दमोह नाक्याहून मदनमहालकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने एक आचका दिला. दादाला तो आठवतो, कारण मागच्या सीटवरची मिठाईची पिशवी घसरली. मीटरवर काही दिसलं नाही.

गाडीला मात्र कळलं होतं. क्रँकशाफ्टजवळ एक सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं की शाफ्टला धक्का बसतो आणि त्याचा वेग कणभर वाढतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तो धक्का येत नाही आणि शाफ्ट तेवढ्यापुरता रेंगाळतो. हे रेंगाळणं संगणक मोजतो आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला ते झालं हेही टिपतो. पण तो लगेच आरडाओरडा करत नाही. साध्या प्रकारची चूक असेल तर ती ‘प्रलंबित’ म्हणून मनात ठेवतो. गाडी बंद करून पुन्हा चालवली आणि चूक पुन्हा दिसली, तरच दिवा लावतो. एखाद्या वेळच्या खराब पेट्रोलमुळे किंवा ओलाव्यामुळे माणसाला घाबरवू नये, म्हणून ही सोय आहे.

२७ तास आधी : शुक्रवार, सकाळी दहाला दहा कमी

रांझीहून निघालेली गाडी घमापूरच्या पुढे आली आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती. पिकअप थोडा कमी, सिग्नलला उभी असताना थरथर, एवढंच.

गाडी चालत असते, हीच या दिव्याची अडचण आहे. तेलाच्या दाबाचा आणि इंजिन तापल्याचा दिवा लाल असतो, तो लागला की लोक थांबतात. हा पिवळा दिवा मुळात गाडीच्या मालकासाठी जन्मालाच आला नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की लॉस एंजेलिसवर साचणारं डोळे चुरचुरवणारं धुरकं गाड्यांच्या धुरातून तयार होतं. त्यातून धुराचे कायदे आले. गाडी नवी असताना स्वच्छ असते, पुढे मालक लक्ष देत नाही, म्हणून गाडीनेच स्वतःवर नजर ठेवावी असा नियम कॅलिफोर्नियाने १९८८ च्या गाड्यांपासून आणला. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच ठरावीक पद्धतीचा सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड आले. आपल्याकडे ही व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि तिची कडक आवृत्ती २०१३ पासून. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचा जो सॉकेट असतो, तो हाच.

म्हणजे हा दिवा हवेचा पहारेकरी आहे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं आणि वाफ निसटली, तरी काही गाड्यांत तो लागतो. अशा वेळी महिनाभर गाडी चालवली तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. हा अनुभव गाठीशी असलेला कुणीतरी प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात असतो. दादाच्या ऑफिसातही होता. ‘अरे, मेरी तो साल भर से जल रही है,’ असं त्याला चहाच्या वेळी सांगण्यात आलं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या गाडीचा दिवा वेगळ्या कारणाने लागला होता, आणि दोन्ही दिवे दिसायला एकच होते. वीस रुपयांच्या रबरी नळीपासून लाखाच्या कामापर्यंत सगळ्याला एकच चित्र वापरायचं, ही गाड्या बनवणाऱ्यांची निवड आहे आणि ती मला चुकीची वाटते. ज्या मीटरच्या पडद्यावर आज गाण्याचं नाव येतं, तिथे बिघडलेल्या सिलिंडरचा क्रमांक यायला काय हरकत आहे?

२४ तास आधी : शुक्रवार, दुपारी एक

दादाने टाळाटाळ केली नाही, हे मला ठामपणे नोंदवायचं आहे. जेवणाच्या सुट्टीत तो गाडी घेऊन एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथे स्कॅनर लावला, आणि काउंटरवरच्या मुलाने संगणकातून अंदाजपत्रक काढून दिलं : एक इग्निशन कॉइल २,२०० रुपये, चार प्लग ८०० रुपये, मजुरी ४०० रुपये. कॉइल सोमवारी येईल.

दादाने विचारलं, ‘कशावरून कॉइलच?’ उत्तर आलं, ‘सर, सिस्टीम बता रहा है.’

इथे कोड आणि त्याचा अर्थ लिहिलेला एक कागदाचा चिटोरा हवा होता. स्कॅनरवर पी-०३०३ असा कोड आला होता. त्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा स्फोट चुकतो आहे. कोड कॉइलचं नाव घेत नाही, तो फक्त जागा दाखवतो. कॉइल खरोखर गेली आहे का, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात : तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि गाडी थोडी चालवायची. कोड बदलून पी-०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. कोड तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा आणखी काही. हे करून दाखवायला एक रुपया लागत नाही. गिऱ्हाइकासमोर ते केलं असतं, तर दादाचा विश्वास बसला असता.

पण त्याच्या मनात मागच्या वर्षीचं बिल होतं. एसीचा वास येतो म्हणून गाडी दिली होती, आणि न सांगितलेल्या चार-पाच ‘ट्रीटमेंट’ लावून ती परत आली होती. एकदा असं झालं, की पुढचं खरं अंदाजपत्रकही संशयाने वाचलं जातं. घरात लग्नाचा आहेर, कपडे, नागपुरातल्या नातेवाइकांसाठी खोव्याची जिलेबी असा खर्च चालू होता. दादाने अंदाजपत्रक घडी करून खिशात ठेवलं. लोक बिलाला घाबरतात असं म्हटलं जातं. मला वाटतं, लोक फसवलं जाण्याला घाबरतात. पैसे मोजायला दादा तयार होता, फक्त कशाचे मोजतोय ते त्याला कळायला हवं होतं.

१९ तास आधी : शुक्रवार, संध्याकाळी साडेपाचच्या पुढे

ओळखीच्या एकाने दमोह नाक्याकडच्या एका छोट्या गॅरेजचं नाव सांगितलं. तिथल्या मिस्त्रीने हातात मावेल एवढा स्कॅनर लावला, दोन बटणं दाबली, दिवा विझला. ‘सेन्सर का चक्कर है भाईसाहब, अब नहीं जलेगी.’ दोनशे रुपये.

या दोनशे रुपयांत नेमकं काय विकत घेतलं गेलं ते बघू. संगणकातला कोड पुसला गेला. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचा वेग किती, तापमान किती, भार किती, याची एक नोंद संगणक स्वतःहून ठेवत असतो, तीही पुसली गेली. ठिणगी चुकते की नाही हे तपासायची दोन फेऱ्यांची मोजणी शून्यावर आली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल होती तशीच राहिली. दादा घरी निघाला तेव्हा गाडीत बिघाड तोच होता, फक्त त्याची कुणाला खबर नव्हती. १८६ किलोमीटरची मोजणी इथून सुरू झाली.

१६ तास आधी : शुक्रवार, रात्री नऊ

मामा अंगणात आले. गाडी चालूच होती, सामान चढत होतं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘ही मिसिंग मारते आहे.’

मामा व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. जबलपूरच्या या कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी गाड्या बनत आल्या. शक्तिमान ट्रक, निसानची एक टनी गाडी, आणि जोंगा. जोंगा हे नावच मुळी जबलपूरचं आहे, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेलं. निसानच्या ‘पॅट्रोल’ या मॉडेलवरून घेतलेली ती जीप, जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, १९९९ पर्यंत बनत होती. मामांची उमेदीची बरीच वर्षं त्या इंजिनांच्या सोबतीने गेली. सहांपैकी एक सिलिंडर मेला, तर तो कोणता हे ते प्लगच्या वायरी एकेक करून उपसून शोधायचे : ज्याची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो मेलेला.

त्यांचा कान अचूक होता. चार सिलिंडरांतला एक अधूनमधून दगा देतो आहे, हे त्यांनी हाताच्या तळव्याने ओळखलं. पण पुढे जे म्हणाले ते जोंगाच्या काळातलं ज्ञान होतं. ‘एक सिलिंडर कमी असला तरी नागपूर गाठेल. फार तर पेट्रोल जास्त खाईल.’ जोंगाने ते खरंच केलं असतं. तिच्यात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर जायचं, कधी फटका वाजायचा, झालं. आजच्या पेट्रोल गाडीत इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आपल्याकडे चार महानगरांत नव्या गाड्यांना तो १९९५ पासून सक्तीचा झाला, आणि शिशाविना पेट्रोल २००० पासून देशभर आलं. आत सिरॅमिकची, बारीक चौकटी छिद्रांची मधपोळ्यासारखी वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. धुरातलं विष त्या थरावर जळून निरुपद्रवी होतं. या कामासाठी वीट नेहमीच तापलेली असते, साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस. तिथे कच्चं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन एकत्र येऊन पोचले, तर ते तिथेच पेटतं. हजार अंशांच्या पुढे मौल्यवान थर मरू लागतो. चौदाशेच्या आसपास वीट स्वतः वितळते.

एका पिढीने स्वतःच्या हातांनी कमावलेलं शहाणपण पुढच्या पिढीच्या यंत्राला लागू पडलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मामांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की मिसिंग आता पूर्वीइतकी निरुपद्रवी राहिलेली नाही.

‘दिवा बंद झालाय ना?’ वहिनींनी विचारलं. दिवा बंद होता.

पावणेपाच तास आधी : शनिवार, सकाळी ८:२०

थंडी, नर्मदेकडे धुकं, गाडी दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. वहिनींचा ग्रुपवर निरोप : ‘निघालो. दोनपर्यंत पोचतो.’ तिलवाऱ्याचा पूल नऊच्या आत ओलांडला.

४ तास आधी : सकाळी ९:०५

बरगीजवळ दिवा पुन्हा लागला. घरापासून ३४ किलोमीटर. आधीची फेरी कालची रात्रीची, ही दुसरी, दोन्हींत तीच चूक सापडली. संगणकाने आपला नियम पाळला. इथून १४० किलोमीटरची मोजणी सुरू.

दादाने मिस्त्रीला फोन लावला. ‘चलने दो, कुछ नहीं होता.’

साडेतीन तास आधी : सकाळी ९:३५

बरगीनंतर रस्ता सातपुड्यावर चढू लागतो. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, लखनादौन-सिवनीचं पठार सहाशेच्या आसपास. चौघे माणसं, आहेराच्या बॅगा, डिकीत जिलेबीचे डबे. चढावर दादाने चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला, आणि धूमाच्या अलीकडे दिवा लुकलुकायला लागला.

या लुकलुकण्यासाठीच मी हा लेख लिहितो आहे. दिवा स्थिर असेल तर अर्थ : बिघाड आहे, लवकर दाखवा. दिवा लुकलुकत असेल तर अर्थ : ठिणगी इतक्या वेळा चुकते आहे की कन्व्हर्टर आत्ता, या मिनिटाला जळतो आहे. पाय उचला, वेग कमी करा, सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हे असतं, दाराच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पाकिटात. वाहन परवान्याच्या परीक्षेत हाताचे इशारे विचारतात, वळणाच्या पाट्या विचारतात. हा प्रश्न विचारत नाहीत. गाडी ताब्यात देताना चावीबरोबर फोटो काढतात, तेव्हाही कुणी सांगत नाही.

३,००० फेऱ्यांवर चाललेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १,५०० वेळा पेटतो. त्यातली पाचवी-सहावी पाळी जरी हुकली, तरी मिनिटाला अडीचशे घोट कच्चं मिश्रण लालभडक विटेवर जाऊन पडतं. काही गाड्यांचा संगणक अशा वेळी त्या सिलिंडरचं पेट्रोल तोडतो आणि कन्व्हर्टर वाचवतो. या गाडीने तसं केलं नाही.

चढ संपला, भार कमी झाला, दिवा पुन्हा स्थिर झाला. दादाला वाटलं, निवळलं. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण माणसाच्या डोळ्याला लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की शांत वाटतं.

पावणेतीन तास आधी : सकाळी १०:२०

लखनादौन. चहा, पोहे, अर्धा तास. गाडी थंड झाली. इथे जबलपूरचा रस्ता महामार्ग ४४ ला मिळतो आणि पुढे नागपूरपर्यंत तोच.

१ तास ४० मिनिटं आधी : सकाळी ११:२५

छपाऱ्याजवळ, वैनगंगेच्या पुलाच्या आसपास, वहिनींचा निरोप : ‘गाडीत सडक्या अंड्यासारखा वास येतोय. काच उघडली तर थंडी वाजते.’ मी तो नागपुरात वाचला आणि त्यांना नाल्याचा वास आला असेल असं ग्रुपवरच कुणीतरी लिहिलं.

पेट्रोलमध्ये किंचित गंधक असतं. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर त्याचा वास येत नाही. कच्च्या पेट्रोलने तो गुदमरला, की गंधकाचा सडका वायू तयार होतो. हा वास म्हणजे वीट हरत असल्याची खूण. थोड्याच वेळात पुतणीने मागून सांगितलं, पायाखालचं मॅट गरम लागतंय.

१ तास आधी : दुपारी १२ ते १२:३५

सिवनी. पंपाची पावती १२:०६ ची आहे. पेट्रोल नेहमीपेक्षा बरंच जास्त लागलं, हे दादाच्या लक्षात आलं. मामांचं भाकीत खरं ठरलं.

शेवटची स्वस्त संधी इथे होती. सिवनी जिल्ह्याचं ठिकाण आहे. तिथे गॅरेजं आहेत, स्कॅनर आहेत, सर्रास विकल्या जाणाऱ्या गाडीची कॉइल मिळण्यासारखी आहे. या टप्प्यावर कन्व्हर्टरचा काही भाग गेला होता, पण इंजिन शाबूत होतं. कॉइल मिळाली नसती, तरी तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढून टाकता आला असता. मग त्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच गेलं नसतं. गाडी तीन सिलिंडरवर, थरथरत, हळू चालली असती, पण कच्चं पेट्रोल विटेवर पडायचं थांबलं असतं. जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरता हा जुगाड जाणते मिस्त्री करतात.

मामांनी थांबून दाखवून घ्यायला सांगितलं. वहिनींनीही. नागपूरहून फोन येत होते : वरात साडेपाचला, हळदीच्या सामानातली एक पिशवी यांच्याकडेच होती. सव्वाशे किलोमीटर राहिले होते, रस्ता चौपदरी. दादाने घड्याळ पाहिलं. अनोळखी गावात, शनिवारी दुपारी, अनोळखी गॅरेजात बॉनेट उघडायचं, आणि तिथला माणूस काय सांगेल त्यावर लग्न पणाला लावायचं, हे त्याच्या जिवावर आलं. त्याला दोष देणं मला जमत नाही. आदल्या दिवशी दोन गॅरेजांनी त्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि तिसरं गॅरेज काय सांगेल याचा त्याला भरवसा उरला नव्हता.

१० मिनिटं आधी : दुपारी १२:५५

मोहगावपासून खवाशापर्यंतचा रस्ता पेंच आणि कान्हाच्या मधल्या जंगलातून जातो. वाघांना, चितळांना खालून जाता यावं म्हणून तो जागोजागी खांबांवर उचलला आहे, आणि आवाज व दिवे जंगलात जाऊ नयेत म्हणून कडेला भिंती आहेत. देशात असा रस्ता पहिल्यांदा इथे झाला. थांबायला जागा कमी.

गाडी ऐंशीच्या पुढे जाईना. मग साठच्या. दादाने पाय पूर्ण दाबला तरी इंजिन नुसतं घुमत होतं. वितळलेल्या विटेने धुराची वाट बुजवली होती. इंजिनाला श्वास बाहेर टाकता येत नसेल, तर तो आतही घेता येत नाही.

१:०५

धडधड, मग एक खर्र असा आवाज, मग शांतता. दादाने उरलेल्या वेगावर गाडी कडेला घेतली, पुलाचा भाग संपतो तिथे, डांबरावरच. डिसेंबरात या जंगलातलं गवत कमरेएवढं आणि वाळलेलं असतं. गाडी आणखी दोन फूट आत, गवतावर गेली असती, तर बुडाखाली लालबुंद लोखंड होतं. मामांनी सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे नेलं. पुतणीला गाडीखाली मंद तांबडा उजेड दिसला. तो तिने मला नंतर अगदी तपशिलाने सांगितला.

१०३३ वर फोन केल्यावर महामार्गाची गस्तगाडी आली, शंकू लावले गेले. मी नागपूरहून तीनच्या पुढे पोचलो. तेव्हाही बॉनेटवर हात ठेववत नव्हता. चौघांना आणि हळदीची पिशवी घेऊन आम्ही निघालो. मुहूर्त चुकला, जेवणं मिळाली. गाडी क्रेनवरून रात्री आली, ७,५०० रुपये.

नंतर

गॅरेजने कन्व्हर्टर कापून दाखवला. वीट एका बाजूने काचेसारखी वाहून गोठली होती, दुसऱ्या बाजूने तिचा भुगा झाला होता. या गाडीत कन्व्हर्टर इंजिनाला अगदी चिकटून आहे. अशा रचनेत सिरॅमिकची धूळ उलट ओढली जाऊन सिलिंडरमध्ये शिरू शकते, आणि इथे ती शिरली होती. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे. नवा कन्व्हर्टर ४६,०००, दोन ऑक्सिजन सेन्सर ८,४००, चारही कॉइल ८,८००, प्लग १,०००, रिंगा, गॅस्केट, होनिंग आणि तेल मिळून ३१,५००, मजुरी १४,०००. प्रत्येक ओळीपुढे जुना सुटा भाग दाखवला, कोडचा फोटो दिला. एवढं मोठं बिल दादाने घासाघीस न करता भरलं.

विम्याकडे विचारलं. अपघात नाही, म्हणून मूळ पॉलिसीत काही नाही. यांत्रिक बिघाड आणि झीज तिच्यात धरत नाहीत. इंजिनासाठीचं जे वेगळं कवच मिळतं, ते बहुतेक वेळा पाणी शिरणं किंवा तेल गळणं यासाठी असतं. वितळलेला कन्व्हर्टर मात्र दादाने मागून घेतला. त्यातल्या धातूंमुळे भंगारातही त्याला किंमत येते, आणि मागितला नाही तर तो गॅरेजातच राहतो.

मग गॅरेजने काढलेले जुने प्लग पाहिले. टोकं झिजून बोथट झालेली, फट १ मिलिमीटरच्या आसपास हवी तिथे दीडच्या पुढे. फट जितकी मोठी, तितका जास्त विद्युतदाब कॉइलला द्यावा लागतो. वर्षानुवर्षं तसा दाब देत राहिलेल्या कॉइलचं आवरण कधीतरी तडकतं आणि ठिणगी प्लगऐवजी बाजूच्या धातूत उडते. मामांनी जपून ठेवलेल्या सर्व्हिसच्या पावत्यांत प्लग बदलल्याची ओळ कुठेच नव्हती. दोन ठिकाणी ‘प्लग साफ केले’ असं होतं. त्यातली जुनी पावती तीन वर्षांपूर्वीची होती, आणि तिच्यावर मालकाच्या सहीशेजारी, ‘नवे प्लग – ८०० रु.’ या ओळीवर पेनाने काट मारलेली होती.